खोगीर आणायला गेलेला माणूस

आमच्या पणजोबांनी घोडी चोरली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण शहरातल्या आमच्या भागात सध्या खांबाखांबावर त्यांच्याबद्दल भलतंच लिहिलेलं आहे.

आमचं गाव कन्नडजवळ, घाटाच्या वर. तेव्हा वर निजामाचं राज्य आणि खाली इंग्रजांचं. पणजोबांनी खाली एका साहेबाची घोडी सोडली आणि घाट चढवून वर आणली. इथवर सगळं बिनबोभाट झालं. एकदा हद्द ओलांडल्यावर कोण विचारतो? पण मिरवायची खोड आमच्या घराण्यात पहिल्यापासूनची. उघड्या पाठीच्या घोडीवरून गावात कसं शिरायचं, म्हणून हा गडी खोगीर आणायला परत खाली उतरला आणि तबेल्यातच सापडला. आधीच्या चोऱ्याही अंगावर निघाल्या आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

समुद्र ओलांडला की माणूस बाटला, अशी तेव्हाची समजूत. भावांनी गवताचा पुतळा करून जाळला, तेरावं घातलं, आणि नवरा जिवंत असताना पणजीच्या बांगड्या फोडल्या. शिक्षा भोगून पणजोबा परत आले तेव्हा थोरला भाऊ दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "तुझं तेरावं झालंय."

मेलेल्याला घरात कसं घ्यायचं? उरलेलं आयुष्य त्यांनी गोठ्यात काढलं. शिवाशिव नको म्हणून भाकरी वरून टाकायचे. ओसरीवर बायको पांढऱ्या कपाळानं बसलेली आणि अंगणापलीकडे नवरा शेण काढतोय. ही माझीच माणसं, हे मनात आलं की अजून किळस येते.

ते खरोखर गेले तेव्हा कुणी दिवस घातले नाहीत. एकदा घातले होते ना! सर्वपित्री अमावस्येला मात्र सगळ्या पितरांची पानं आत ओळीनं मांडतात आणि त्यांचं एकट्याचं पान बाहेर, गोठ्याच्या भिंतीलगत, मातीवर. माझे आजोबा, म्हणजे त्यांचा मुलगा, जन्मभर त्या पानाकडे बघत जेवले.

आता माझा चुलतभाऊ. दारात आडव्या उभ्या राहिलेल्या त्या थोरल्याचा पणतू. वाळूजच्या कारखान्यांना कामगार पुरवतो आणि त्याला नगरसेवक व्हायचंय. आपल्या घरातलं कुणीतरी अंदमानला गेलं होतं, हे त्याला अचानक आठवलं. झालं. चौकाचौकात 'अंदमानवीर, थोर स्वातंत्र्ययोद्धे' असे फ्लेक्स लागले. फोटो कुणाकडेच नव्हता, तो कॉम्प्युटरवर करून घेतला. फेटा, पिळदार मिशा, चेहरा थेट चुलतभावाचा. बसायला पांढराशुभ्र घोडा, खोगिरासकट. ज्या खोगिरापायी जन्माची माती झाली, ते बिचाऱ्याला शेवटी फ्लेक्सवर मिळालं. चोर म्हणून हाकलला, तो निदान सरळ निर्दयपणा होता. हे तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं.

मग सत्कार. वीराचा नातू म्हणून माझ्या म्हाताऱ्या वडिलांना स्टेजवर नेलं. त्यांनी शाल हातानं बाजूला सारली.

"शाल ऱ्हाऊ दे," ते चुलतभावाला म्हणाले. "औंदा अमावस्येला आज्याचं पान आत घे. माझ्या बापाला ते बघायला मिळालं नाय. मला तरी बघू दे."

"व्हय काका, घेऊ की. त्यात काय एवढं."

वडिलांनी हे खरं धरलं. अमावस्येच्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून माझ्या आधी तयार होते. गाडीत, आज्याचं पान ओळीत कुठं मांडायचं, तेच बोलत होते.

गावी पोचलो. आत पानं मांडून झाली होती आणि एक पान, नेहमीसारखं, बाहेर. गोठा आता पाडलाय, तिथं चुलतभाऊ प्रचाराची गाडी लावतो. टायरशेजारी खीर, वडे, भोपळ्याची भाजी.

"काका, बायामाणसं नको म्हणतेत," तो म्हणाला. "निवडणूक तोंडावर हाय. आतली पितरं कोपली म्हंजी लई अवघड व्हईल."

वडिलांनी स्वतःसाठी वाढलेलं पान उचललं, बाहेर आले आणि त्या पानाशेजारी मातीवर बसले. धुतलेल्या धोतरानिशी. मीही जाऊन बसलो.

"काका, रस्त्यानं लोकं बघतेत. आत या."

"त्याला बी आत घे, येतो."

चुलतभाऊ घटकाभर उभा राहिला. वडील त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता हा वाकेल, पान उचलेल, असं मलाही वाटून गेलं. त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. रस्त्यावरून आम्ही दिसू नये म्हणून गाडी मागं घेऊन आमच्यासमोर आडवी लावायला सांगितली.

गाडीच्या दारावर, आमच्या डोळ्यांसमोर, पणजोबा घोड्यावर बसलेले होते. वडिलांनी एकदा तिकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.