नानांचा लॅपटॉप बोलू लागला तो शनिवार

नानांचं मागणं साधं होतं. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यांना ते स्वतः तपासायचं होतं. अडचण एवढीच, की काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. दारातून ऊन आत आलं की तेवढं कळायचं.

नाना म्हणजे सोनगीरला आमच्या माहेरच्या घरासमोर राहणारे निवृत्त शिक्षक. आठवीला मला मराठी त्यांनीच शिकवलं. नोकरीत असल्यापासून ते अहिराणी शब्द गोळा करायचे. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुणाच्या तरी तोंडून जसा ऐकला तसं एक वाक्य. बाजारात, लग्नात, एस.टी.त, शेजारणींच्या भांडणातसुद्धा नाना खिशातून कागद काढायचे. अशा नऊ वह्या भरल्या होत्या. मी जळगावला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. लॅब सुटल्यावर तासभर बसून त्या वह्या पुस्तकासाठी टाइप करत गेले. नऊ वह्या संपायला दीड वर्ष लागलं, आणि तेवढ्यात नानांचे डोळे गेले.

मग अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, त्यांना प्रिंट वाचून दाखवू लागल्या. अक्का चौथी शिकलेल्या, पण वाचणं खणखणीत. महिनाभर रोज दुपारी वाचन चाललं आणि एकही चूक सापडली नाही. मी खूश. नाना मात्र अस्वस्थ.

"एवढ्या पानांत एकही चूक नाही?" फोनवर ते म्हणाले. "तू आठवीत एका पानात सात करायचीस."

मी सोनगीरला गेले तेव्हा अक्कांच्या शेजारी बसून ऐकलं, आणि खरा प्रकार लक्षात आला. मी टाइप करताना एका शब्दाचा काना खाल्ला होता. अक्कांनी तो शब्द काना घालून अगदी बरोबर वाचला आणि त्या पुढे गेल्या. त्यांना चूक दिसलीच नव्हती. अहिराणी त्यांची जन्माची भाषा. डोळ्यांना अर्धा शब्द दिसला की तोंडातून पुरा शब्द बाहेर पडायचा. कागदावर काय आहे ते त्या वाचतच नव्हत्या, काय असायला हवं ते वाचत होत्या.

म्हणजे आम्हाला असा वाचणारा हवा होता, ज्याला अहिराणीचं ओ की ठो कळत नाही. जे लिहिलंय तेच वाचील, चूक असेल तर चुकीसकट वाचील. असा वाचणारा माणसांत सापडणं अवघड, पण कॉम्प्युटरमध्ये होता.

आमच्या लॅबमध्ये फुकट मिळणारं एक ऑफिस सॉफ्टवेअर आहे. त्याला एक छोटं एक्स्टेंशन जोडता येतं. मजकूर निवडायचा, बटण दाबायचं, की ते एक्स्टेंशन तो मजकूर मशीनवरच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडे देतं आणि तो प्रोग्रॅम मोठ्यानं वाचतो. मी लॅबमध्ये नानांच्या वहीतलं एक पान लावून बघितलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण शब्द न् शब्द वाचला! मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?"

त्याच आठवड्यात नानांच्या मुलीनं त्यांच्यासाठी पुण्याहून लॅपटॉप पाठवला. शनिवारी मी सकाळची धुळ्याची गाडी धरली, धुळ्याला शिरपूरच्या गाडीत बसले आणि नऊच्या सुमाराला सोनगीरला उतरले. नाना अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर तयार बसले होते, जणू मुलाखतच आहे.

मी लॅपटॉप उघडला. ऑफिस सॉफ्टवेअर टाकलं, बोलणारा प्रोग्रॅम टाकला, एक्स्टेंशन जोडलं, नानांची फाइल उघडली. पहिलं पान निवडलं. "ऐका हं नाना," म्हणाले आणि बटण दाबलं.

काहीच नाही. पडद्यावर एक चौकट आली: बाहेरचा प्रोग्रॅम सापडला नाही.

"बोलस का ते?" नानांनी विचारलं.

"बोलेल. थांबा जरा."

मी एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकलं. तीच चौकट. लॅपटॉप बंद करून चालू केला. तीच चौकट. मग वाटलं, बोलणारा प्रोग्रॅमच नीट बसला नसेल. म्हणून काळी खिडकी उघडली, जिच्यात मशीनला थेट हुकूम टाइप करता येतो, आणि त्यात भाषा मराठी सांगून लिहिलं, नमस्कार नाना. लगेच लॅपटॉप बोलला, "नमस्कार नाना!"

नाना दचकून सावरून बसले. "बोलनं वं, बोलनं!" आतून अक्का हात पुसत धावत आल्या. मला त्यांना सांगावं लागलं की हे अजून खरं बोलणं नव्हे. प्रोग्रॅम धडधाकट आहे, आवाज आहे, फक्त ऑफिस सॉफ्टवेअरमधून त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाहीये.

पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगात वारं शिरलं. वैताग नव्हता तो. लॅबमध्ये वीस-पंचवीस मशीन माझ्या हाताखाली आहेत. चालणारी दोन टोकं हातात असली की मधला तुटलेला धागा सापडतोच, हे मला ठाऊक होतं. मी पदर खोचला.

एक्स्टेंशनच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅमचा पुरा पत्ता घातला, कोणत्या फोल्डरात आहे तो. उपयोग नाही. प्रोग्रॅम चालवायची सगळी परवानगी देऊन टाकली. उपयोग नाही. एव्हाना अक्कांनी दोनदा चहा आणून ठेवला होता आणि दोन्ही वेळा तो गार झाला होता. नाना दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आते काय करी राह्यनी?" आणि मी जे करत होते ते मोठ्यानं सांगायचे. खरं म्हणजे त्याचाच फायदा झाला. न बघणाऱ्या माणसाला सांगायचं म्हणजे एकेक पायरी नीट सांगावी लागते.

"नाना, प्रोग्रॅम ज्या पत्त्यावर आहे, तिथं तो आहे, हे काळी खिडकी सांगते."

"बरं."

"आणि त्याच पत्त्यावर ऑफिस सॉफ्टवेअर जाऊन बघतं तर त्याला तो सापडत नाही."

"ते जाऊन बघतं, हे तुला कुणी सांगितलं?" नाना मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "विचारलंस का त्याला?"

खरंच विचारलं नव्हतं. ऑफिस सॉफ्टवेअरच्या आत बसून चार ओळींचा मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिता येतो. मी लिहिला. त्यात एकच प्रश्न होता, या पत्त्यावर ही फाइल आहे का? चालवला. उत्तर आलं, नाही. मग काळ्या खिडकीत तोच प्रश्न, अक्षर न बदलता. उत्तर आलं, आहे.

एकच मशीन, एकच पत्ता, आणि दोन उत्तरं! मी मॅक्रो बदलून त्या फोल्डरातली सगळी नावं मागितली. जी यादी आली ती भलतीच होती, थोडक्या नावांची. मी ओळखत होते ते अर्धेअधिक प्रोग्रॅम तिच्यात नव्हतेच.

"नाना, ते दुसऱ्याच घरात आहे!" मी ओरडले.

मग सगळं उलगडलं. लॅबमधल्या मशीनवर मी हे ऑफिस सॉफ्टवेअर फार पूर्वी साध्या पद्धतीनं टाकलेलं होतं. इथं मात्र नवीन लॅपटॉप, म्हणून एका क्लिकमध्ये ॲप स्टोअरमधून टाकलं. तिथं मिळणारी आवृत्ती सुरक्षेसाठी बंदिस्त करून दिलेली असते. मशीनवर राहूनही तिला मशीन दिसत नाही. स्वतःपुरतं लागणारं सामान तिच्याबरोबर आलेलं असतं, आणि तिला तेवढंच जग वाटतं. स्टोअरच्या पानावर हे लिहिलेलंही होतं, अगदी खाली. मी वाचलं नव्हतं. एक्स्टेंशनचा दोष नव्हता, बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा नव्हता. दार बंद असलेल्या खोलीतून ते बिचारं हाका मारत होतं.

"मग खोली बदल," नाना म्हणाले.

तेवढंच करायचं होतं. आधी फाइल पेन ड्राइव्हवर उतरवली, दोनदा. बंदिस्त आवृत्ती काढली. साधी आवृत्ती उतरवायला इंटरनेट हवं, आणि नानांच्या ओसरीवर मोबाइलची रेंज येते-जाते; सकाळी होती, आता गेली. गच्चीवर येते, पण गच्चीवर अक्कांचे बिबडे वाळत घातलेले. ज्वारीच्या त्या पापडांच्या रांगांतून चवड्यांवर चालत मी कठड्यापर्यंत गेले, हॉटस्पॉट लावून फोन तिथं ठेवला, आणि लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर सावलीला बसले. चैत्रातलं ऊन. खाली हायवेवरून ट्रकांचा आवाज. डाउनलोडची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. नाना खाली जिन्याचा कठडा धरून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"किती व्हयनं?"

"अर्धं."

थोड्या वेळानं पुन्हा, "किती व्हयनं?"

"पाऊण झालं नाना!"

पुरं झालं तेव्हा मी पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही. एक्स्टेंशन पुन्हा जोडलं. फाइल उघडली, पान निवडलं, बटण दाबलं. चौकट आली नाही! लॅपटॉप बोलायला लागला, पण बोलला काय, तर इंग्रजी उच्चारात अगम्य काहीतरी, गारगोट्या चघळल्यासारखं. अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, कारण आता भीती नव्हती. निरोप पोचत होता, फक्त एक्स्टेंशनमध्ये भाषा इंग्रजी राहिली होती. सेटिंगमध्ये मराठी केली आणि परत बटण दाबलं.

त्या पत्र्याच्या आवाजानं नानांच्या पुस्तकातलं पहिलं पान वाचायला सुरुवात केली.

नाना मान खाली घालून ऐकत होते. ओठ हलत होते. एक शब्द, त्याचा अर्थ, वाक्य. दुसरा शब्द. तिसरा. मशीन न थांबता, न अडखळता, कसलाही जीव न लावता वाचत होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आवाज म्हणाला, "मनी आंडोर सासरले गयी."

"थांब!" नानांनी गुडघ्यावर थाप मारली. "काय म्हणनं ते? मनी आंडोर? आंडोर सासरले कसाले जाई वं?"

आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. मी टाइप करताना एक काना जास्तीचा दिला होता आणि माझी मुलगी म्हणता म्हणता मुलगा सासरी पाठवला होता. अक्कांनी ती ओळ कितीदा तरी वाचली असेल, आणि दर वेळी मुलीलाच पाठवलं असेल.

"सापडली!" नाना म्हणाले. एवढा आनंद मी आठवीत निबंध बिनचूक लिहिला असता तरी त्यांना झाला नसता. "चूक सापडली! येले म्हंतस वाचणं!"

आम्ही तिघंही हसत सुटलो. मी तो काना काढला आणि पुन्हा वाचायला लावलं, फक्त ऐकायला.

जेवायचं कुणाला सुचलं नाही. तीन वाजता अक्कांनी भाकरी आणि शेवभाजी समोर आणून ठेवली तेव्हा अकरा चुका निघाल्या होत्या. नानांना एकट्यानं चालवता यावं म्हणून मी, मजकूर न निवडताही पुढचं पान वाचलं जाईल असं करून, एक्स्टेंशनचं बटण कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एका कळीवर बांधून दिलं. पण ती कळ बोटांना सापडणार कशी? अक्कांनी कपाळाची टिकली काढली आणि त्या कळीवर चिकटवली. नानांचं बोट तिच्यावर फिरलं, थांबलं, आणि त्यांनी कळ दाबली. लॅपटॉप बोलला.

अक्का थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बठ्ठं सपाट बोलस. तेनामा जीवच नही."

"तेच पाहिजे," नाना म्हणाले. "जीव ओतून वाचायला तू आहेस. चुका धरायला हे."

त्यावर अक्कांनी नाक मुरडलं, पण पाटावरून उठल्या नाहीत. मी पाचच्या गाडीला निघाले तेव्हा मशीन वाचत होतं, नाना चूक धरत होते, आणि अक्का पान क्रमांक आणि ओळ वहीत लिहून घेत होत्या.

रविवारी सकाळी मी दूध तापवत असताना फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "सत्तावीस चुका," नाना म्हणाले. "लिहून घे."

पुढचे काही आठवडे रोज सकाळी असाच फोन येत राहिला. शेवटी एका शनिवारी दोघांना घेऊन मी धुळ्याच्या छापखान्यात गेले. छापखान्याच्या मालकांनी फाइल घेतली आणि विचारलं, "प्रुफं कुणी बघितली?"

नानांनी काठी टेकली, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी."