रुसायची जागा

जगातलं प्रत्येक भांडण जागेच्या टंचाईतून होतं असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे, आणि त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्यालाही ते पटतं. घरी आल्यावर मात्र काय पटलं होतं तेच आठवत नाही. साडू पेशाने घरांचे नकाशे काढणारे. लग्नाला गेले तरी मांडव पावलांनी मोजतात आणि कोणी भेटलं की तब्येतीऐवजी विचारतात, "घरात माणसं किती, संडास किती?" एकदा माझ्या साहेबांनाच विचारलं.

नव्वदच्या दशकात आम्ही नऊ जण दोन खोल्यांत राहत होतो. धाकटा भाऊ वेगळा निघायच्या बेतात होता आणि त्या धास्तीने आईचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. गंगापूर रोडच्या आत आम्ही एक चिमूटभर प्लॉट घेतला. नऊ जण त्यात मावले तर भाऊ थांबणार होता, नाहीतर चालला. साडूंनी कागद काढलाच नाही. मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने घर आखलं आणि एक अख्खा रविवार आम्हाला त्यात राहायला लावलं, स्टोव्ह, चटया, कळशीसकट. आई तर रेघेलाच भिंत समजली; न्हाणीतून स्वयंपाकघरात यायला वळसा घालून दारातूनच यायची. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुपारी माझं आणि भावाचं वाजलं. तो तरातरा रेघांबाहेर गेला आणि आमच्याकडे पाठ करून दगडावर बसला. अर्ध्या तासाने आई चहा घेऊन गेली, तेव्हा आला. साडूंनी लगेच स्वयंपाकघरातून अडीच फूट कापून खिडकीशी एक कट्टा आखला.

"अहो, जागा आधीच कमी, त्यात तुम्ही अजून काढून घेताय?"

"आम्ही दहा भावंडं एका खोलीत वाढलो, साडूभाऊ. जेवायला जागा होती, झोपायला होती, रुसायला नव्हती. जो रुसला तो बाहेर गेला, तो परत आलाच नाही."

कमी करून जागा वाढते कशी, हे मला अजून कळलेलं नाही. पण भाऊ याच घरात आहे. इतक्या वर्षांत त्या कट्ट्यावर तो कितीदा बसला आणि कितीदा उठून जेवायला आला, याची गणती नाही.

मेहुणी गेल्यापासून साडू पाच खोल्यांच्या घरात एकटेच असतात. मुलगा परदेशी. हल्ली अधूनमधून येतात, कोणाशी न बोलता थेट कट्ट्यावर जाऊन बसतात. परवा आईने विचारलं, "का हो, आज कोणावर रुसलात?"

"घरी रुसून बघितलं," साडू म्हणाले. "जागा भरपूर आहे. चहा घेऊन कोणी येत नाही."

आईने चहाचं आधण ठेवलं.