‘बंद’ या शब्दाची चाचणी

सोमवार, ६ फेब्रुवारी २०१७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. झरीच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंचा डहाणूला मला फोन आला.

“सर, पडदे काळे पडलेत. बाराच्या बारा.”

निवृत्तीनंतर मी व्हिडिओ ड्रायव्हर तपासत असे. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपला हुकूम देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. लॅपटॉप झोपला की चिपही झोपते. जागी झाल्यावर तिला सारे नव्याने सांगावे लागते. बहुतेक ड्रायव्हर तिथेच चुकतात. प्रोग्रामर मला नमुने पाठवीत, मी निकाल कळवीत असे.

शाळेचे लॅपटॉप देणगीतले, जुने. वीज गेली की बॅटरी वाचावी म्हणून बाई झाकणे मिटायला लावत. उघडल्यावर पडदा काळाच राही. त्यावर दोन नमुने आले होते. पहिला मी एका यंत्रावर बसवला आणि चाचणीचा कागद लिहून दिला. पंधरा दिवस बाईंनी प्रत्येक रकान्यात ‘ठीक’ लिहिले. दुसऱ्या नमुन्याची गरज नाही, असे मी कळवून टाकले. शनिवारी पहिलाच बाराही यंत्रांवर चढवला. सोमवारी तासाला वीज गेली.

मी एक वाजता पोहोचलो. मुख्याध्यापक दारातच होते.

“देणगीदाराचा टेम्पो चारला येतोय, साहेब. चालत नसतील तर यंत्रं परत. मग संगणकाचा तासही नाही.”

बाई तासिका तत्त्वावर होत्या. तास गेला की त्यांची नोकरी जाणार होती. 

कॅप्स लॉक दाबले, दिवा पेटला. यंत्र जागे होते. पडद्यावर टॉर्च तिरका धरला. नुसता पडद्यामागचा उजेड गेला असता तर पुसट चित्र दिसले असते; तेही नव्हते. चिप उठलीच नव्हती. मग पंधरा दिवस ती उठत कशी होती?

“कागदाप्रमाणे करून दाखवा,” मी म्हणालो.

बाईंनी यंत्र नव्याने सुरू केले, मेनूतून पुरते विझवले, मिनिटभर थांबून बटण दाबले. चित्र आले.

“हे तुम्ही शटडाउन केलंत.”

“तुम्हीच लिहिलंत ना, सर. एक, बंद करा. दोन, मिनिटभर थांबा. तीन, पुन्हा चित्र येतं का पाहा.”

“झाकण बंद करा, असा अर्थ होता.”

“झाकण आम्ही मिटतो. बंद करतो तो पंखा.”

“म्हणजे पंधरा दिवस आमच्या बाईंनी पंख्याचं बटण तपासलं,” मुख्याध्यापक म्हणाले.

आपल्याकडे दारही बंद होते, दिवाही, दुकानही. माझ्या मनात झाकण होते, म्हणून ते कागदावरही आहे असे मी धरून चाललो. चूक माझी होती. तसे मी दोघांनाही सांगितले.

कागदावरचा शब्द खोडला. त्या जागी लिहिले: ‘चालू यंत्राचे झाकण मिटा. बाजूचा दिवा लुकलुकू लागेपर्यंत थांबा.’ दुसरा नमुना एका यंत्रावर बसवला. बाई झाकण मिटत, उघडत. मी मोजत होतो. दहा वेळा मिटले, दहाही वेळा चित्र आले. मग उरलेली अकरा यंत्रे घेतली. चारला पाच मिनिटे असताना बारावा पडदा उजळला.

टेम्पोवाला वेळेवर आला. “भरायचं काय?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “चहा घ्या आणि रिकामे जा.”

“वीज परत जाणारच आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “तेव्हा बघू.”

“जरूर बघा,” बाई म्हणाल्या.

तिथूनच मी प्रोग्रामरांना मेल पाठवला: मागचा निकाल रद्द समजावा, दुसरा नमुना घ्यावा, दोष चाचणीच्या सूचनेत होता. दुपारभर मिटून-उघडून एका लॅपटॉपची बिजागरी ढिली झाली होती. तिचा स्क्रू घट्ट केला.