अडीच तासांवरचा मुलगा

मुलगा परदेशी निघाला तेव्हा शिवणवाली दुकानाच्या उंबऱ्यात बसून रडत होती. त्याने परतीच्या विमानाची वेळ तिच्यापुढे धरली. तिथून नऊला सुटतं, इथे साडेअकराला पोचतं.

"बघ, अडीच तास. तुझा एक शर्ट शिवून होईतो मी दारात."

बाईचा जीव भांड्यात पडला. दोन शहरांची घड्याळं वेगळी चालतात हे त्याने सांगितलं नाही. तिने जन्मभर एकाच फितीने मापं घेतलेली, तिला कुठून कळणार? पोरगा शिकलेला, थापही कागद दाखवून मारली.

विमानतळ जवळच होता. विमानं दुकानाच्या छपरावरून जायची आणि ती मशीन थांबवून वर बघायची. गल्लीने तिचं नाव 'अडीचतास' पाडलं. समोरचा इस्त्रीवाला रोज विचारायचा, "काय अडीचतास, आले का चिरंजीव?"

"कामात असतो हो. मनात आणलं तर जेवून जाईल."

नऊ वर्षांत त्याने मनात आणलं नाही. लग्न तिथेच उरकलं, मुलगी झाली. फोन करायचा तो ऑफिसातून, एकटाच. नातीच्या फोटोवरून ही अंदाजाने फ्रॉक शिवायची. पाठवू का विचारलं की म्हणायचा, "कशाला? मी येईनच ना."

शेवटी इस्त्रीवालाच वैतागला. "एवढं जवळ आहे तर तुम्हीच जा की." त्याच्या मुलीने तिकीट काढून दिलं. फोनवर कळल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. आनंदाने त्याची वाचाच बसली, असं तिने गल्लीभर सांगितलं.

विमानात, मनगटावरच्या घड्याळात अडीच तास होताच ती पिशवी मांडीवर घेऊन तयार बसली. आणखी तास गेला. मग तिने हवाईसुंदरीला विचारलं, "रस्ता चुकलाय का?"

"नाही आजी, पाच तास लागतात. जाताना पाच, येताना पाच. तिकडचं घड्याळ पुढे आहे, म्हणून परतीचे कागदावर कमी दिसतात."

शेजारचे हसले. तिलाही हसू आलं. रडणाऱ्या आईची समजूत काढली पोराने, एवढं चालायचंच. पाच तर पाच. दोन शर्टांचं काम.

मुलगा तिला विमानतळावरून घरी घेऊन आला. दार नातीने उघडलं. हातातल्या फ्रॉकांपेक्षा ती वीतभर उंच होती.

"आजी, तू दोन दिवस झोपलीच नाहीस?"

सूनबाई पुढे आली. "बसा आई. हे सांगतात ना, विमानातून उतरल्यावर तुमच्याकडे जायला दीड दिवस गाडीत बसावं लागतं, शेवटी तर रस्ताच नाही. दर सुट्टीत मी म्हणते जाऊ या, तर पोरीला झेपणार नाही म्हणतात."

शिवणवालीने मुलाकडे पाहिलं. तो वाकून बुटाची नाडी सोडत होता. एवढीशी नाडी, पण सुटता सुटत नव्हती. तिला रागही आला नाही. आपण त्याला नको आहोत, एवढंच तिला उंबऱ्यात उभ्या उभ्या स्वच्छ कळलं.

"खरंच दोन दिवस लागतात?" नातीने विचारलं.

"हो गं बाळा," ती म्हणाली. "फार लांब आहे. तुला नाही झेपायचं."

नाडी सुटली. मुलाने घरी आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली. "दमली असशील, आई," तो म्हणाला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.