डोहाळजेवणाच्या दिवशी पेढे

त्या रविवारी अंधेरीला आमच्या घरी माझं डोहाळजेवण होतं... आणि मी हॉस्पिटलच्या वॉर्डात चादर तोंडावर ओढून पडले होते. सातवा नुकता लागला होता आणि दोनच दिवसांपूर्वी मी बाळंत झाले होते. मुलगा. वजन किलोभरसुद्धा नाही.

तो वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होता. हे सारखे वर जाऊन त्याला बघून यायचे आणि म्हणायचे, "चल ना गं, एकदा बघ तरी." मी भिंतीकडे तोंड फिरवायचे.

डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. पण खरं सांगू? भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. एक पोर धड पोटात धरता आलं नाही मला... कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर उभी राहू?

आजूबाजूच्या खाटांवर गुबगुबीत पोरं दूध पीत होती. "आमच्यात असं कधी झालं नाही हो," असं सासूबाई समोरच्या खाटेवालीला सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यात ह्यांनी घातलेला घोळ! तेही लाजेने गप्प... कार्यक्रम रद्द झालाय हे कुणाला कळवलंच नाही. तेव्हा घरोघरी फोन होते कुठे?

संध्याकाळी बघते तर काय, माझ्या माहेरच्या, घाटकोपरच्या चाळीतल्या चौघीजणी नटूनथटून, फुलांचे दागिने घेऊन वॉर्डाच्या दारात! घराला कुलूप बघून शेजारी विचारलं आणि तशाच रिक्षाने आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचेही चेहरे उतरले. एकीने फुलांची टोपली पदराआड लपवली. फक्त त्यांच्यातली आमची मूळची मालवणची पार्वतीमावशी, आई गेल्यावर मला जिने वाढवलं ती, सरळ खाटेवर येऊन बसली.

"अगो, झील झालो मां तुका? मगे पेढे खंय आसत?"

"मावशी, काय बोलतेस गं... त्याचा काही भरवसा नाही."

"आज आसा मां तो? मगे आजचे पेढे आज!" आणि ह्यांच्यावर डाफरली, "जावयबापू, उभे काय रवलास? धावा!"

मला मुलगा झालाय हे तोवर कुणी म्हटलंच नव्हतं हो. मी ओक्साबोक्शी रडले.

पेढे आले. पहिला पेढा वरच्या सिस्टरला, आणि तो बाळाच्या आईनेच द्यायचा, असं मावशीने फर्मान काढलं. न जाऊन सांगते कुणाला! भिंत धरत धरत जिना चढले.

सिस्टरने पेढा घेतला, माझे हात धुवायला लावले, गाऊन चढवला आणि थेट पेटीपाशी नेऊन उभं केलं. "घाला हात आत. आई ना तुम्ही?"

केवढासा तो... पण नाक हुबेहूब ह्यांचं! माझं बोट त्याने धरलं. "सॉरी रे बाळा," एवढंच म्हणता आलं.

मग मी वरच बसून असायचे. वाटीत दूध काढून द्यायचे, सिस्टर ते नळीने थेंब थेंब पाजायच्या. हे शेजारी उभे राहून त्याच्याशी चक्क क्रिकेटवर बोलायचे.

आठवडा सरायच्या आत तो गेला.

पहिले दोन दिवस त्याने आईशिवाय काढले, ह्याची लाज मला आजही वाटते... पण मावशी त्या दिवशी पेढ्यांसाठी हटून बसली नसती, तर माझं पोर मला न भेटताच गेलं असतं.