माझं पुस्तक टाइप करणारी

उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एका गाळ्यात ती टायपिंग करते. रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचो तेव्हा मी गर्दच्या आहारी गेलो. त्या दिवसांच्या आठवणी वहीत लिहून मी तिच्याकडे देतो. लग्नपत्रिका असो की माझं व्यसन, ओठ हलवत वाचते आणि टाइप करते. तिला काय वाटतं, याचं मला फार कुतूहल होतं.

परवा एका पानावर मधेच कोरी जागा दिसली.

"ताई, इथं काहीतरी राहिलंय."

"राहिलं नाही काका, सोडलंय. तुम्ही लिहिलंय, आमच्या ड्रमरला पहिली पुडी कुणीतरी दिली. ॲफिडेव्हिटमध्ये नाव नसलं की आम्ही जागा सोडतो. पार्टी पेनाने भरते."

"इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय?"

"त्या दिवशीच्या त्याच्या शर्टाचा रंग बरा आठवला!"

ड्रमर त्या पुड्यांनीच गेला. त्याची आई अंबरनाथला असते. पुस्तक मी आधी तिलाच नेऊन देणार आहे.

मी पेन मागितलं आणि कोऱ्या जागेत 'मी' लिहिलं.

तिने वाकून पाहिलं.

"पूर्ण नाव लिहा, काका."