आबांच्या अँबॅसिडरचा हॉर्न

‘अमक्या वळणावर काहीतरी आहे’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते — किती व्होल्टचं? माझा स्वभावच तसा. माहेरी उरणला आमच्या वाटेवर एक चिंच होती, तिच्याखालून तिन्हीसांजेला कुणी जायचं नाही. मी मुद्दाम जायचे, वर ओटीभर चिंचा पाडून आणायचे. त्यामुळे या सदरात लोक पांढऱ्या साड्या आणि उलटे पाय लिहितात ना, ते वाचून मला हसूच येतं... रागावू नका. पण एक गोष्ट माझ्याकडेही आहे. भुताची नाही, वायरिंगची. आणि आयुष्यभर वायरिंगच केलेल्या मला तिचा उलगडा अजून झालेला नाही.

साल शहाऐंशी. नवी मुंबई तेव्हा नावालाच नवी. वाशीला बिल्डिंगी उभ्या राहिलेल्या, बाकी इकडे सगळी आमची गावंच. माझं सासर शिरवण्याचं. गावाच्या मागे डोंगर, डोंगरात दगडखाणी, आणि खाणीतले डंपर दिवसभर रस्त्यावर. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एक जुनी अँबॅसिडर घेतली होती. पांढरी. लग्नात नवरानवरी त्याच गाडीतून, बाळंतीण दवाखान्यात त्याच गाडीतून. गावात आबांना नावाने कमी आणि ‘गाडीवाले’ म्हणून जास्त ओळखत.

मी तुर्भ्याला एका कंपनीत कामाला होते. आम्ही बायका तिथे हार्नेस बनवायचो. हार्नेस म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली वेणी समजा. लाकडी फळीवर नकाशा काढलेला, नकाशावर खिळे ठोकलेले. खिळ्यांमधून एकेक वायर फिरवायची, फांद्या सोडायच्या, वरून टेप गुंडाळायची. हे पहिलं टेबल, माझं. वायरींची उघडी टोकं आम्ही टेपच्या तुकड्याने झाकायचो आणि टेपचं टोक जरा दुमडून ठेवायचो, कानासारखं. कारण पुढच्या टेबलावरच्या बायका तो कान धरून टेप काढायच्या आणि टोकाला क्लिपा बसवायच्या. जोडणं हे आमचं काम नव्हतं. बांधायचं, झाकायचं, पुढे ढकलायचं. तीन वर्षं हेच केलं. झोपेतसुद्धा केलं असतं.

सासूबाईंना माझी नोकरी पसंत नव्हती. रोज जेवताना तोच विषय. ‘गाडीवाल्यांची सून कंपनीन जाते, लोकं काय बोलतील?’ आमचे हे गप्प. हे कायमच गप्प, देवाने तोंड फक्त जेवायला दिलंय त्यांना. आणि आबा म्हणायचे, ‘खिल्यांवर वायरी गुंडालायच्या, त्याला काय काम बोलतात?’

माझं टाळकं सटकायचं. पण सासरा. बोलणार काय?

त्या वर्षी होळीनंतर एक लग्न होतं. वरात निघाली आणि देवळासमोर अँबॅसिडर बंद पडली. बोनेटमधून धूर. आबांनी बोनेट उघडलं, तर आत शेवया! खरंच, दुसरा शब्द नाही. जुना हार्नेस कुजलेला, आणि गावातल्या मेकॅनिकने जिथे करंट जात नव्हता तिथे वरून नवी वायर टाकलेली, त्यावर आणखी एक, त्यावर आणखी एक. एक वायर सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला चिकटून वितळली होती. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी गाडी ढकलत नेली आणि वर गाणी म्हटली. आबा घरी आले ते ‘गाडी इकून टाकतो’ म्हणत न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी मी चहा देताना म्हटलं, ‘आबा, यात विकायची गोष्टच नाही. हार्नेस नवा लागेल. मी करते.’

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘तू?’

‘हो. रोज तेच तर करते.’

आबा हसले. मग एकदम हसू गिळून म्हणाले, ‘बरं. कर. माजी भाची सोनू, तिच्या साखरपुड्याला उरनला जायाचं हाय, तवा गाडीन बसून जायाचं. नीट पोचली त तुजी नोकरी चालू, मी कवा बोलनार नाय. नाय पोचली त घरान बसायचं. बोल.’

‘बोल काय? झालं,’ मी म्हटलं.

हातात अडीच आठवडे. परसात आबांच्या जुन्या होडीची एक फळी पडलेली, ती मी धुऊन घेतली. गाडीतला जुना हार्नेस अखंड उतरवला, फळीवर अंथरला, खडूने नकाशा काढला आणि खिळे ठोकले. रंगीत वायरी ह्यांनी मुंबईच्या लोहार चाळीतून आणून दिल्या, एवढं मात्र केलं. कामावरून आले की पदर खोचून मी परसात. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या. एक म्हणाली, ‘गो सुनंदा, जालं विनतेस का काय?’ मी म्हटलं, ‘हो, त्यात तुझ्या नवऱ्याला पकडते.’

पण मला नुसता नवा हार्नेस घालायचा नव्हता. बोनेट उघडल्यावर एक वायर दिसता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं होतं. शेवया म्हणून हसले ना? आता शोधा! मुख्य वेणी मी डॅशबोर्डखालून पत्र्यातल्या भोकातून आणली, तिथे रबर बसवलं. तिथून वर इंजिनवर न आणता डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेखाली दाबली, पत्र्याच्या दुमडीतून पुढे दिव्यांपर्यंत नेली. डायनामोची फांदी इंजिनच्या खालच्या अंगाने, सायलेन्सरपासून हातभर लांब. सगळीवर काळी टेप, घट्ट, वळसे एकसारखे. शेवटच्या रविवारी बोनेट उघडलं तर आत फक्त इंजिन, बॅटरी आणि हवा! आबा कितीतरी वेळ वाकून बघत होते. ‘वायरी हायत ना ग आत?’ म्हणाले. किल्ली फिरवली... पहिल्या फटक्यात सुरू. हेडलाइट, साइडलाइट, इंडिकेटर, वायपर, सगळं चोख. मला नाचावंसं वाटत होतं.

हॉर्न तेवढा वाजवून बघितला नाही. समोरच्याच घरात म्हातारं माणूस गेलेलं, दहावं व्हायचं होतं. आळीत हॉर्न वाजवायचा नाही, असा सासूबाईंचा हुकूम. दुःखाच्या दारात आपला भोंगा कशाला? ते बरोबरच होतं. मी म्हटलं, रस्त्याला लागलो की वाजेलच.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही निघालो. पुढे आबा आणि सासूबाई, मागे मी, मांडीवर ओटीचं ताट. हे पहिल्या पाळीला गेलेले, परस्पर उरणला येणार होते. गावातून गाडी कशी गेली म्हणून सांगू! लोण्यातून सुरी. मेकॅनिकच्या दुकानासमोर आबांनी मुद्दाम हळू केली.

गावचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे चढ आहे. तोंडाशीच एक डंपर उभा, दगडांनी भरलेला. आबा त्याच्या मागे थांबले. आमच्या मागे एक टेम्पो येऊन अगदी चिकटला. आणि डंपर मागे यायला लागला.

आधी वाटलं, चढावर जरासा घसरला असेल. पण नाही, तो रिव्हर्स घेत होता! बाजूलाच खडी फोडायचा क्रशर चालू, कानठळ्या बसवणारा आवाज. आबांचा एक हात गिअरच्या दांड्यावर, गिअर अडकलेला. दुसरा हात खिडकीबाहेर, दारावर थापा मारत ओरडताहेत, ‘ओ ड्रायवर! ओऽऽ!’ कोण ऐकतंय? मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना खडीचे ढीग. डंपरचा मागचा लोखंडी फाळका काचेच्या उंचीवर, सरळ सासूबाईंच्या तोंडासमोर. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरला.

आणि हॉर्न वाजला.

आमच्याच गाडीचा. त्यात शंकाच नाही, त्या हॉर्नला गंज होता, आधी ‘खर्रर्र’ करायचा आणि मग आवाज धरायचा. तसाच खर्रर्र करून वाजला आणि वाजतच राहिला. क्रशरच्या वर चढला आवाज. मागच्या सीटवर माझ्या पायाखाली पत्रा थरथरत होता.

डंपर थांबला. बोनेट आणि फाळका यांच्यात वीतभर जागा. हॉर्नही थांबला.

ड्रायव्हर खाली उडी मारून आला, सोलापूरकडचा माणूस, घामाने थबथबलेला. ‘मालक, माफी करा... मागचं कायबी दिसत नव्हतं. तुमचा हॉर्न ऐकला म्हणून ब्रेक दाबला बगा.’ आबा त्याला फाडून खाणार होते, पण आधी घटाघट पाणी प्यायले. मग टेम्पोवाल्याने मागे सरकावं म्हणून त्यांनी हॉर्न दाबला.

काही नाही. परत दाबला. नुसती बटणाची टकटक.

‘सुनंदा, हॉर्न का वाजत नाय?’

मी उतरले, बोनेट उघडलं. दहा-बारा लोक जमलेले, ‘अरे, हिच्या वायरी कुठं गेल्या?’ म्हणून माना घालताहेत. हॉर्न पुढे जाळीच्या मागे. त्याला दोन वायरी लागतात. एक जोडलेली होती. दुसऱ्या जागी रिकामा स्क्रू, आणि त्यावर धूळ. मी मडगार्डच्या कडेखाली बोटं घातली. वायरीचं टोक हाताला लागलं. त्यावर टेप. टेपला दुमडलेला कान.

माझ्याच हातचा. बांधायचं, झाकायचं, पुढे ढकलायचं... बाकीची टोकं मी आठवणीने जोडली, आणि हे एक सवयीने पुढच्या टेबलासाठी ठेवून दिलं! आमच्या परसात पुढचं टेबल कुठे होतं?

खरं सांगते, मनात आलं, टेप काढून गुपचूप जोडून टाकावी. धक्क्याने वायर सुटली म्हणावं. कुणाला काय कळणार होतं? माझी सगळी नोकरी त्या दोन इंचांवर टांगलेली. पण आबा शेजारीच उभे होते आणि अजून त्या फाळक्याकडेच बघत होते.

‘आबा, ही वायर मी जोडलीच नव्हती,’ मी म्हटलं. ‘विसरले. चूक माझी आहे.’

‘मंग वाजला कसा?’

‘माहीत नाही. वाजूच शकत नाही.’

आबांनी ते टेप लावलेलं टोक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. ड्रायव्हरने पाहिलं. सासूबाई गाडीतून उतरून आल्या, त्यांनीही पाहिलं आणि गावदेवीच्या दिशेने हात जोडले. मग मी तो कान धरून टेप ओढली, वायर सोलली, स्क्रूला आवळली, आणि आबांना म्हटलं, ‘दाबा आता.’ वाजला.

उरणपर्यंत मी मागे बसून मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते. गाडी मात्र झकास पळत होती. साखरपुडा झाला, पंगत बसली, आणि पंगतीत कुणीतरी आबांना विचारलं, गाडी कुणाकडे दुरुस्त केली म्हणून. मी मान खाली घालून वाढत होते.

‘माज्या सुनंन,’ आबा म्हणाले. ‘एक वायर जोडायची राह्यली होती. तिनंच सांगितलं, चार लोकांत. तो मेकॅनिक तीन वरसं माजी गाडी जालत होता, त्यानं एक तरी चूक बोलून दाखवली काय?’ मग माझ्याकडे न बघता भात कालवत म्हणाले, ‘सोमवारी कामाला जायाचं हाय ना तुला? बस जेवायला.’

हातातली वाटी सांडली माझ्या. सासूबाईंनी सरकून मला शेजारी जागा केली.

नंतर मी काय काय नाही करून पाहिलं! वायर सुटी ठेवून, ओली करून, गाडी चढावर नेऊन. एकदाही वाजला नाही. कंपनीतल्या इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या गाडीचा असेल. मग पायाखालचा पत्रा का थरथरला? मग म्हणाले, सासऱ्यांनी दाबला असेल. त्यांचे दोन्ही हात कुठे होते ते मी पाहिलंय, आणि दाबला असता तरी वाजला नसता. शेवटी साहेब म्हणाले, ‘सुनंदाबाई, चहा घ्या.’ सासूबाईंसाठी ती गावदेवी होती, त्या जाईपर्यंत. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, कारण माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. आजही नाही. या सदराच्या वाचकांत कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर त्याने जरूर लिहावं, पण ‘लूज कनेक्शन’ असं लिहू नये. कनेक्शनच नव्हतं हो!

त्या सोमवारी मी बस स्टॉपला जायला निघाले, तर अँबॅसिडर दारात उभी, धुऊनपुसून. आबा म्हणाले, बस. कंपनीच्या गेटवर त्यांनी गाडी साहेबांच्या गाडीसारखी आत घातली. वॉचमन धावत आला, कोण म्हणून विचारायला लागला. आबांनी काच खाली केली.

‘आमची सून हाय,’ ते म्हणाले. ‘वायरी बांदते.’